जुन्या इंग्लिश पॅरिश चर्चच्या आतल्या फोटोचे साल कसे ठरवावे

रिकामे दालन, बाकांच्या रांगा, टोकाला वेदी, तिच्यावर मोठी खिडकी. चर्चच्या आतले जुने फोटो बहुतेक असेच असतात. त्यांत माणूस नसतो, पोशाख नसतो, गाडी किंवा दुकानाची पाटी नसते. रस्त्याच्या फोटोचे साल ज्या खुणांवरून काढतात, त्यांतली एकही इथे सापडत नाही. तरीही इंग्लंडमधल्या पॅरिश चर्चच्या, म्हणजे एखाद्या गावाच्या किंवा वस्तीच्या चर्चच्या, फोटोचे साल पुष्कळदा रस्त्याच्या फोटोपेक्षा नेमके निघते. चर्च ऑफ इंग्लंडच्या इमारतीत बाक हलवायचे किंवा वेदीमागे नवा पडदा लावायचा तरी अर्ज, ठराव, वर्गणी आणि बिल असा कागद मागे राहतो. फोटोतली वस्तू आणि तो कागद यांची गाठ घालून देणे हेच खरे काम.

आधी तीन तारखा वेगळ्या करा

एका फोटोला तीन तारखा असतात. निगेटिव्हवर उजेड पडला ती पहिली, हातात आहे तो कागद छापला ती दुसरी, आणि तो कागद पाठवला, विकला किंवा अल्बमात चिकटवला ती तिसरी. बहुतेक चुका या तिन्हींची सरमिसळ झाल्याने होतात. १८९०च्या दशकातल्या काचेच्या निगेटिव्हवरून १९१०मध्ये पोस्टकार्ड निघते, दुकानात काही वर्षे पडून राहते आणि १९१४चा शिक्का घेऊन पोस्टात पडते. शिक्क्यावरून एवढेच ठरते की फोटो १९१४ नंतरचा नाही.

कागदावरून छपाईचा काळ कळतो आणि फोटोतल्या वस्तूंवरून चित्रणाचा. दोन्ही तपासायचे, पण नोंद वेगवेगळ्या रकान्यांत करायची. उत्तरसुद्धा एकच साल म्हणून शोधू नका. "याच्या आधीचा नाही" आणि "याच्या नंतरचा नाही" अशा दोन कडा शोधा आणि प्रत्येक कडेपुढे तिचे कारण लिहा.

हाताळणी आणि स्कॅन

हात धुऊन कोरडे करा. चकचकीत प्रिंट किंवा काचेची निगेटिव्ह असेल तर नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोजे काचेवरून घसरतात आणि कागदाच्या फाटक्या कडांत अडकतात. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

स्कॅन पुढून आणि मागून, पुठ्ठ्याच्या कडांसह घ्या. १२०० डीपीआय आणि टिफ स्वरूप हे चांगले माप. १५ सेंटिमीटर लांबीच्या प्रिंटचे त्यातून सुमारे ७००० पिक्सेल मिळतात आणि फळ्यावरचे आकडे वाचण्याची आशा धरता येते. काळा-पांढरा फोटोही रंगीतच स्कॅन करा. पिवळेपणा, जांभळट झाक आणि कडेची रुपेरी चमक हे सगळे पुरावे आहेत, ग्रेस्केलमध्ये ते नाहीसे होतात. तीक्ष्णता वाढवणारे आपोआपचे फिल्टर बंद ठेवा. ते नसलेल्या रेषा तयार करतात आणि मग पुसट खांबाच्या जागी दिव्याचा दांडा दिसू लागतो.

कागद काय सांगतो

दहापट भिंगाखाली प्रिंटचा एखादा करडा भाग पाहा. ठिपक्यांची सारखी जाळी दिसली तर ते छापखान्याचे हाफटोन चित्र आहे. बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्यांसारखे कण दिसले तर कोलोटाइप. रंगछटा कुठेही न तुटता सलग गेल्या असतील तर खरे फोटोग्राफिक प्रिंट.

प्रिंटमध्ये कागदाचे तंतू स्पष्ट दिसत असतील, कागद पातळ असून पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल, उजळ भाग पिवळसर आणि सावल्या तपकिरी-जांभळट असतील, तर ते अल्ब्युमेन प्रिंट. ही पद्धत १८५०मध्ये आली आणि १८५५ ते १८९० या काळात तिचेच राज्य होते. तंतू दिसत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत आहे आणि गडद भागांच्या कडेला निळसर रुपेरी चमक आली आहे, तर जिलेटिन सिल्व्हर. हा कागद १८८०च्या दशकापासून रुळला आणि विसावे शतक त्याचेच. मऊ करडे-काळे रंग, चमक अजिबात नाही, फिकेपणा नाही आणि समोरच्या पानावर चित्राची पुसट तपकिरी छाया उतरलेली, ही प्लॅटिनम प्रिंटची लक्षणे. तिचा बहर १८८०च्या दशकापासून पहिल्या महायुद्धापर्यंत होता.

पुठ्ठ्याची मापेही उपयोगी पडतात. सुमारे ६४ × १०० मिलिमीटरचे कार्त-द-व्हिजित (भेटकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावरचा फोटो) इंग्लंडमध्ये १८६०च्या आसपास लोकप्रिय झाले, १०८ × १६५ मिलिमीटरचे कॅबिनेट कार्ड १८६६पासून आले. पातळ पुठ्ठा आणि चौकोनी कोपरे सहसा आधीचे असतात, तर जाड पुठ्ठा, गोल कोपरे, सोनेरी तिरक्या कडा आणि गडद हिरवा वा मरून रंग सहसा नंतरचे. "सहसा" हा शब्द इथे खरोखर महत्त्वाचा आहे. गावातला फोटोग्राफर जुने पुठ्ठे संपेपर्यंत वापरत असे.

अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्चचा झोत काही सेकंद टाकला आणि कागद निळसर पांढरा चमकला, तर त्यात उजळपणा देणारे रसायन आहे आणि प्रिंट साधारण १९५०नंतरचे आहे. चमकला नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण नंतरच्याही अनेक कागदांत ते नसते. गोंद आणि डागही चमकतात, म्हणून न डागाळलेला कोरा समास पाहा. प्लास्टिकसारखा लागणारा, पाण्याने न भिजणारा कागद १९६०च्या दशकाच्या अखेरीपासूनचा.

पोस्टकार्डाची पाठ

चर्चच्या आतले सर्वांत जास्त फोटो पोस्टकार्डाच्या रूपात सापडतात आणि ब्रिटिश टपालाचे नियम इथे चांगली साथ देतात. खासगी चित्र-पोस्टकार्डाला १८९४मध्ये परवानगी मिळाली. १४० × ८९ मिलिमीटरचे पूर्ण माप १८९९पासून चालू लागले, त्याआधीची कार्डे आखूड असत. मजकूर आणि पत्ता यांच्यामध्ये रेघ असलेली विभागलेली पाठ ब्रिटनमध्ये १९०२पासून आली. मागे फक्त पत्त्याची जागा असून निरोप चित्राच्या बाजूला लिहिलेला असेल तर नमुना त्याआधीचा आहे, पण शिल्लक कार्डे पुढेही विकली गेली हे लक्षात ठेवा.

तिकीट निघून गेले असले तरी कार्डावर छापलेला दर कामाला येतो. देशांतर्गत पोस्टकार्डाला १९१८पर्यंत अर्धा पेनी लागत असे. त्या वर्षी दर एक पेनी झाला, १९२१मध्ये दीड पेनी, १९२२मध्ये पुन्हा एक पेनी आणि १९४०मध्ये दोन पेनी. तिकीट चौकटीत "अर्धा पेनी" छापले असेल तर कार्डाची छपाई बहुधा १९१८च्या आधीची आहे.

मोठ्या प्रकाशकांच्या क्रमांकांकडे विशेष लक्ष द्या. डंडीच्या व्हॅलेंटाइन कंपनीच्या कार्डावर "जे. व्ही." ही आद्याक्षरे आणि क्रमांक असतो. या कंपनीचा संग्रह सेंट अँड्र्यूज विद्यापीठात आहे आणि क्रमांकावरून दृश्य कंपनीच्या वहीत कोणत्या वर्षी नोंदले गेले ते काढता येते. ॲबरडीनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विल्सनच्या चित्रांवर "जी. डब्ल्यू. डब्ल्यू." असते आणि त्या निगेटिव्ह ॲबरडीन विद्यापीठाकडे आहेत. फ्रान्सिस फ्रिथ १८९८मध्ये वारला, पण त्याच्या कंपनीने जुन्या निगेटिव्हवरून त्यानंतर अनेक दशके कार्डे काढली. अशा कार्डांत क्रमांक चित्रणाच्या जवळचा असतो आणि पाठ छपाईच्या जवळची. दोन्हींत वीस वर्षांचे अंतर दिसले तर गोंधळू नका.

१८६२ ते १९१२ या काळात फोटोचा हक्क लंडनच्या स्टेशनर्स हॉलमध्ये नोंदवता येत असे. ते अर्ज आता क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये "कॉपी १" या मालिकेत आहेत. काही अर्जांना फोटोची प्रतही जोडलेली असते.

कॅमेरा कुठे उभा होता

वस्तूंकडे वळण्याआधी फोटो चर्चच्या आराखड्यावर बसवा. जुन्या चर्चांत वेदी जवळजवळ नेहमी पूर्वेला असते. बहुतेक फोटो पश्चिमेकडून वेदीकडे पाहत काढलेले असतात, म्हणजे उजवी बाजू दक्षिण आणि डावी उत्तर. एक खांब, एक खिडकी आणि एक कमान आजच्या इमारतीशी जुळवा.

मग चित्र उलटे छापले आहे का ते तपासा. काचेची निगेटिव्ह पालथी ठेवली की उत्तर-दक्षिण बदलते आणि "पुलपीट (प्रवचनाचा उंच मंच) एका बाजूने दुसऱ्या बाजूला हलवले" असा खोटा निष्कर्ष निघतो. स्मारकशिलेवरची अक्षरे, फळ्यावरचे आकडे किंवा दोन्ही बाजूंच्या खिडक्यांच्या जाळीतला फरक यांवरून ते लगेच कळते.

रंगांबाबत सावध राहा. निगेटिव्हच्या सुरुवातीच्या काचा निळ्या रंगाला फार आणि लाल रंगाला जवळजवळ मुळीच दाद देत नसत. हिरवा-पिवळा रंग पकडणाऱ्या काचा १८८०च्या दशकात बाजारात आल्या, तर सगळे रंग पकडणाऱ्या काचा इंग्लंडमध्ये १९०६पासून मिळू लागल्या. म्हणून जुन्या फोटोत निळ्या काचांची खिडकी पांढरी, साध्या काचेसारखी दिसते. "इथे अजून रंगीत काच बसली नव्हती" असे लिहिण्याआधी काचेतल्या शिशाच्या पट्ट्यांची रचना पाहा. चौकटी किंवा शंकरपाळी नक्षी असेल तर साधी काच, आकृत्यांभोवती वळणारी असेल तर रंगीत. खिडकीभोवती उजेडाचा धुरकट फुगवटा असेल तर शिसेही दिसत नाही. तसे असेल तर ती खिडकी पुराव्यातून वगळा.

वस्तूंची यादी: आहे, नाही, दिसत नाही

प्रत्येक फोटोसाठी तक्ता करा आणि प्रत्येक वस्तूपुढे तीनपैकी एकच शब्द लिहा. "नाही" आणि "दिसत नाही" यांतला फरक पाळला नाही तर पुढचे सगळे कोसळते. वस्तू दिसते, तर फोटो ती बसवल्यानंतरचा, हा पुरावा भक्कम. वस्तू दिसत नाही, तर फोटो ती बसवण्याआधीचा, असे म्हणायला तीन गोष्टी लागतात: ती जागा चौकटीत पूर्ण दिसली पाहिजे, वस्तू बसवल्यावर तिथेच राहिली हे माहीत पाहिजे, आणि ती नंतर काढून टाकली नाही हेही. पितळी गरुडाचे वाचनपीठ साफसफाईला बाजूला सरकवता येते. संगमरवरी शिला सरकत नाही.

पाहण्याच्या वस्तू पुढे दिल्या आहेत. ज्यांच्यातून जास्त मिळते त्यांच्यावर जास्त थांबलो आहोत.

*बाक आणि सज्जे.* दारे असलेले पेटीसारखे उंच बाक, तीन मजली पुलपीट, पश्चिमेचा लाकडी सज्जा, पांढऱ्या भिंती आणि कमानीवर राजचिन्ह, हे जॉर्जियन काळापासून (१७१४ ते १८३०) चालत आलेले रूप. मध्ययुगीन चर्चरचना परत आणू पाहणाऱ्या, १८३९मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज कॅम्डेन सोसायटीच्या प्रभावाने आणि पुढे व्हिक्टोरियन जीर्णोद्धारांच्या लाटेत १८४० ते १८९० दरम्यान बहुतेक ठिकाणी ते गेले. त्या जागी उघडे, बुटके, एका दिशेला तोंड केलेले बाक आले आणि वेदीकडच्या भागात पायऱ्या चढल्या, रंगीत भाजक्या फरशा बसल्या. फोटोत जुने रूप दिसत असेल तर तुमच्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे. ओल्या कोलोडियनची (रसायनाचा ओला थर दिलेली) निगेटिव्ह-काच १८५१मध्ये आली, ती ओली असेपर्यंतच चित्रण करावे लागे आणि आतल्या मंद उजेडात त्याला मिनिटे लागत. म्हणून जीर्णोद्धारापूर्वीचा आतला फोटो बहुधा "हे आता पाडणार" म्हणूनच काढलेला असतो. परवानगीचा कागद मिळाला तर त्याच्या आधीच्या काही महिन्यांकडे पाहा.

*दिवे.* चर्चच्या आतल्या फोटोत साल सांगणारी याहून चांगली वस्तू नाही. दिवे सगळीकडे दिसतात, ठळक असतात आणि एकेका टप्प्यात सगळेच बदलतात. मेणबत्त्यांनंतर १८६०च्या दशकापासून पॅराफिनचे दिवे: काचेची चिमणी, खाली तेलाची टाकी, वर छतापासून साखळी. गॅस असेल तर दिव्याखाली टाकी नसते आणि बाकांच्या टोकांना पातळ नळीचे उभे खांब दिसतात, त्यांवर नळाची बारीक चावी असते. उघड्या ज्योतीचे बर्नर आधीचे. गॅसची चमकणारी जाळी १८९०च्या दशकात बाजारात रुळली, तोंड खाली केलेली उलटी जाळी १९०५च्या सुमारास. विजेचा दिवा ओळखायचा तो खाली लोंबणाऱ्या वायरीवरून आणि टाकी किंवा नळी नसण्यावरून. शहरांत वीज विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आली, पण खेड्यांतल्या अनेक चर्चांत ती १९३०च्या, कधी १९५०च्या दशकापर्यंत पोचली नव्हती. नळीसारखे पांढरे दिवे दुसऱ्या महायुद्धानंतरचे. इथे एक सापळा आहे: जुने गॅसचे खांब आणि तेलाच्या दिव्यांची पितळी भांडी पुष्कळदा विजेसाठी पुन्हा वापरली गेली. रूप जुने दिसले तरी त्यात वायर शिरली आहे का, ते मोठ्या स्कॅनमध्ये पाहा.

*स्तोत्रांचा फळा.* याकडे दुर्लक्ष होते, याची हळहळ वाटते, कारण कधीकधी यातून थेट दिवस निघतो. "हिम्स एन्शंट अँड मॉडर्न" या पुस्तकात १८६१च्या आवृत्तीत २७३ स्तोत्रे होती, १८६८च्या पुरवणीने ३८६ झाली, १८७५मध्ये ४७३ आणि १८८९मध्ये ६३८. त्या चर्चमध्ये हेच पुस्तक चालत होते हे माहीत असेल आणि फळ्यावर ४१२ दिसत असेल, तर फोटो १८७५च्या आधीचा नाही. ५१० दिसत असेल तर १८८९च्या आधीचा नाही.

फळ्यावर या गीतांऐवजी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेचा क्रमांक असेल तर आणखी पुढे जाता येते. चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात, बुक ऑफ कॉमन प्रेयरमध्ये, स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रे महिन्याच्या ३० दिवसांवर सकाळ-संध्याकाळ वाटलेली आहेत. ७८वे स्तोत्र १५ तारखेच्या सायंप्रार्थनेला येते. समजा बाकीच्या पुराव्यांवरून काळ १९०४ ते १९०९ ठरला आहे, खांबांवर गव्हाच्या पेंढ्या आणि भोपळे म्हणजे सुगीच्या सणाची सजावट आहे आणि फळ्यावर स्तोत्र ७८ आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये १५ तारखेला रविवार आला तो या सहा वर्षांत दोनदाच: १५ ऑक्टोबर १९०५ आणि १५ सप्टेंबर १९०७. मग सेवानोंदवहीत (कोणती उपासना केव्हा झाली याच्या वहीत) दोन्ही तारखा पाहायच्या. सण आठवड्याच्या मधल्या वारीही होत असे आणि सणासाठी वेगळी स्तोत्रे निवडत, विसाव्या शतकात रविवारसाठी वेगळे तक्तेही आले. म्हणून हा पुरावा नोंदवहीशी ताडल्याशिवाय एकटा वापरू नका.

*व्हिकरांच्या (पॅरिशच्या पाळकांच्या) नावांची पाटी.* दाराजवळ आजवरच्या पाळकांची यादी असते. तिच्यातले शेवटचे नाव वाचता आले तर त्याच्या नेमणुकीचे साल ही "आधीचा नाही" कडा झाली. नाव वाचता येत नसेल तर ओळी मोजा आणि आजच्या पाटीशी जुळवा.

*युद्धस्मारके.* दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाची शिला १९००नंतरची. पहिल्या महायुद्धात, युद्ध चालू असतानाच, सैन्यात गेलेल्यांची हाताने लिहिलेली कागदी यादी चौकटीत लावत. पितळी वा संगमरवरी शिला बहुतेक १९१९ ते १९२३मध्ये बसल्या. शिलेवरचे १९१४–१९१८ हे युद्धाचे साल, बसवण्याचे नव्हे. इम्पीरियल वॉर म्युझियम्सच्या युद्धस्मारक नोंदणीत पुष्कळ स्मारकांच्या अनावरणाच्या तारखा मिळतात. त्याच शिलेखाली दुसऱ्या युद्धाची नावे जोडली आहेत का, हेही पाहा.

*स्मारक खिडक्या आणि शिला.* हीच चूक सर्वांत जास्त होते: खिडकीवर "१८८४ साली मृत्यू" वाचून खिडकी १८८४ची धरली जाते. कुटुंबाने ती दहा-पंधरा वर्षांनी दिलेली असू शकते. मृत्यूचे साल हे फक्त "आधीची नाही" एवढेच सांगते. रंगीत काचांचा कलाकार चार्ल्स केम्प याच्या कार्यशाळेची गव्हाच्या पेंढीची खूण काचेत असेल आणि तिच्यावर छोटा काळा बुरूज असेल, तर ती खिडकी १९०७ साली केम्प वारल्यानंतरच्या कंपनीची.

*ऑर्गन.* पश्चिमेच्या सज्जातून वेदीजवळ ऑर्गन आणण्याची चाल मुख्यतः १८६०नंतरची. पुढच्या दर्शनी नळ्या मोजा आणि त्यांवरची रंगीत नक्षी टिपून ठेवा. नॅशनल पाइप ऑर्गन रजिस्टरमध्ये बांधणी, दुरुस्ती आणि स्थलांतराच्या तारखा असतात. नक्षी पुढे एका रंगाखाली गेली असेल तर "नंतरचा नाही" अशी कडा मिळते. अशी कडा मिळणे कठीण असते.

*वेदी.* मागचा पडदा, बाजूंचे पडदे धरणारे चार खांब आणि त्यांवरचे देवदूत ही रचना १८९०च्या दशकापासून पसरली. मेणबत्त्यांच्या संख्येवरून साल काढू नका. त्यावर त्या काळी न्यायालयापर्यंत वाद गेले आणि प्रत्येक व्हिकरची रीत वेगळी होती. मुख्य दालनात पुढे आणलेली दुसरी वेदी मात्र सहसा १९६०नंतरची.

*भिंती.* कमानीवर रंगवलेली वचने आणि ठशांची नक्षी ही व्हिक्टोरियन. विसाव्या शतकात पुष्कळ ठिकाणी ती पांढरी करून टाकली. उघडा, प्लास्टर खरवडलेला दगड दिसला तर ते जीर्णोद्धाराचे काम. याच खरवडीविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७मध्ये प्राचीन इमारतींच्या संरक्षणाची संस्था काढली.

शेगड्या, जमिनीतल्या लोखंडी जाळ्या, रेडिएटर, मदर्स युनियन या चर्चच्या महिला संस्थेचा ध्वज (ती संस्था १८७६ची), ध्वनिवर्धक, अग्निशामक नळकांडी हे सगळे यादीत घ्या. एकेकटे फार सांगत नाहीत, पण दोन फोटोंचा क्रम लावताना कामी येतात.

चर्चचा कालपट कागदांवरून

आता कागदांवरून बदलांची यादी तयार करा. या क्रमाने गेले तर वेळ वाचतो.

१. फॅकल्टी, म्हणजे बिशपच्या कन्सिस्टरी न्यायालयाची लेखी परवानगी. ही कागदपत्रे बहुतेक काउंटीच्या अभिलेखागारात, धर्मप्रांताच्या विभागात असतात, सोबत आराखडेही. परवानगीची तारीख म्हणजे कामाची तारीख नव्हे. काम पुढच्या वर्षी झाले असेल, झालेच नसेल किंवा आधी करून मग परवानगी मागितली असेल.

२. चर्चवॉर्डनांचे, म्हणजे चर्चच्या मालमत्तेची देखभाल करणाऱ्या बिनपाळक पदाधिकाऱ्यांचे, हिशेब. कंटाळवाणे वाटतात, पण यांच्याइतके खरे दुसरे काही नाही. तेल आणि वातींची बिले थांबून गॅस कंपनीची बिले सुरू होतात तो महिना सापडला की दिव्यांचा प्रश्न सुटला.

३. सभांची इतिवृत्ते. १९२०पर्यंत व्हेस्ट्रीची (पॅरिशच्या रहिवाशांची सभा), त्यानंतर पॅरोकियल चर्च कौन्सिलची (निवडलेली कारभारसमिती). बरोबर वस्तूंची यादी, म्हणजे टेरियर आणि इन्व्हेंटरी, जरूर मागा. वस्तू कोणी आणि केव्हा दिली ते तिच्यात असते.

४. इन्कॉर्पोरेटेड चर्च बिल्डिंग सोसायटीची अनुदाने. ही संस्था १८१८ची, तिचे कागद लॅम्बेथ पॅलेस ग्रंथालयात आहेत. अनुदानाच्या अर्जासोबत पुष्कळदा बाकांचे "आधी" आणि "नंतर" असे आराखडे असतात.

५. स्थानिक वर्तमानपत्रे आणि पॅरिश मासिके. चर्च पुन्हा उघडल्याच्या बातमीत कंत्राटदारापासून दिवे देणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावे येतात. व्यापारी डायरेक्टऱ्यांवर मात्र कमी विश्वास ठेवा, त्यांतला चर्चवरचा परिच्छेद आवृत्तीमागून आवृत्ती तसाच छापला जाई.

तारीख नक्की असलेले इतर फोटोही जमवा. सर बेंजामिन स्टोनच्या नॅशनल फोटोग्राफिक रेकॉर्ड असोसिएशनचे (१८९७ ते १९१०) फोटो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेले. बॉम्बहल्ल्यांच्या धास्तीने १९४१मध्ये सुरू झालेल्या नॅशनल बिल्डिंग्ज रेकॉर्डचा साठा आज स्विंडनच्या हिस्टॉरिक इंग्लंड आर्काइव्हमध्ये आहे. एक पक्क्या तारखेचा फोटो दहा अंदाजांना जागेवर बसवतो.

सगळे एकत्र मांडणे

एकाच चर्चचे अनेक फोटो असतील तर आधी साल विसरा आणि फक्त क्रम लावा. तक्त्यात फोटो आडवे, वस्तू उभ्या. प्रत्येक वस्तू एकदा आली की सलग दिसली पाहिजे आणि एकदा गेली की परत येता कामा नये. एखादी वस्तू आहे-नाही-आहे अशी उडी मारत असेल, तर क्रम चुकला आहे, एक फोटो उलटा छापला आहे किंवा ती वस्तू हलवण्याजोगी आहे. क्रम बसल्यावरच कागदांतल्या तारखा त्यावर ठेवा.

समजा एका फोटोत गॅसचे खांब आहेत, ऑर्गन वेदीजवळ आहे, पूर्वेची खिडकी रंगीत आहे आणि उत्तर भिंतीचा तो भाग मोकळा आहे जिथे आज युद्धशिला आहे. हिशेबांत गॅस १८७२मध्ये आला आहे, ऑर्गन १८८१मध्ये हलला, खिडकीची फॅकल्टी १८९३ची आणि तिच्या अर्पणाची बातमी १८९४च्या मे महिन्यातली. युद्धशिलेचे अनावरण १९२०, वीज १९१३. गॅसचे खांब जागेवर आणि वायर कुठेच नाही, तेव्हा वरची कडा १९१३ ठरते आणि शिलेची गरजच राहत नाही. खालची कडा मे १८९४. पाठीवर विभागणी नसलेले पोस्टकार्ड असेल तर वरची कडा १९०२च्या आसपास येते, पण शिल्लक कार्डांची शक्यता म्हणून तिला "बहुधा" लावावे लागते. उत्तर: मे १८९४ ते १९१३, बहुधा १९०२पूर्वी.

ऋतू ठरवायला ऊन मदत करते. इंग्लंडच्या दक्षिण-मध्य भागात, सुमारे ५२ अंश अक्षांशावर, दुपारी सूर्याची उंची जूनच्या मध्यावर सुमारे ६१ अंश, मार्च-सप्टेंबरमध्ये ३८ आणि डिसेंबरात १४ ते १५ अंश असते. दक्षिण भिंतीत जमिनीपासून ३ मीटर उंचीवर खिडकीची खालची कड असेल, तर त्या कडेचे ऊन भर दुपारी जूनमध्ये भिंतीपासून सुमारे १.६ मीटरवर पडते, मार्च-सप्टेंबरात ३.८ मीटरवर आणि डिसेंबरात ११ मीटरच्या पुढे, म्हणजे अरुंद चर्चमध्ये थेट समोरच्या उत्तर भिंतीवर चढते. सकाळ-संध्याकाळी सूर्य तसाही उतरतो, म्हणून उन्हाचा पट्टा भिंतीला काटकोनात पडला असेल तरच हा हिशेब करा. तिरका असेल तर सोडून द्या. हिरव्या डहाळ्या आणि हॉली म्हणजे नाताळ, लिली म्हणजे ईस्टर, पेंढ्या आणि फळे म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. झाकलेला क्रूस आणि एकही फूल नाही, तर ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ असू शकतो.

सावल्यांकडेही बघा. खांबांमागे कडक काळी सावली आणि खिडक्या अंधाऱ्या, तर फ्लॅशचा उजेड: मॅग्नेशियमची पूड १८८७नंतर, फ्लॅश बल्ब १९३०च्या सुमारापासून. पुसट माणसे किंवा अर्धवट पारदर्शक बाई दिसली तर चित्रण लांबले होते, एवढाच अर्थ घ्या. चर्चमध्ये ट्रायपॉड आणि लांब चित्रण विसाव्या शतकातही चालूच होते.

नोंद कशी लिहावी

नोंदीत साल, त्याची खात्री आणि कारण एकत्र असू द्या. उदाहरणार्थ: "मुख्य दालन, पश्चिमेकडून. चित्रण मे १८९४ ते १९१३ (पूर्वेची खिडकी आहे, गॅसचे खांब आहेत, वीज नाही). छपाई बहुधा १९०२पूर्वी (अविभक्त पाठ)." नुसते "सुमारे १९००" लिहिले तर पुढच्या माणसाला ते अंदाजाने लिहिले की पुराव्याने, हे कळायला मार्ग नाही. नवा कागद सापडला तर त्याला कोणती कडा सरकवायची हेही कळत नाही.

फोटोच्या मागे लिहायचेच असेल तर मऊ शिसपेन्सिलने, कडेला, फोटो कठीण सपाट पृष्ठभागावर पालथा ठेवून आणि न दाबता लिहा. शाईचे पेन आणि चिकट लेबले नकोत. प्लास्टिक लेप असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे नोंद पाकिटावर करा आणि मग फोटो आत घाला. स्कॅनच्या फाइलच्या नावात खालच्या कडेचे साल आधी ठेवा, म्हणजे फोटो आपोआप क्रमाने लागतात. तक्ता, कागदांचे संदर्भक्रमांक आणि स्कॅन यांची एक प्रत चर्चवॉर्डनांना आणि एक काउंटी अभिलेखागाराला द्या. मूळ फोटो चर्चच्या दमट कपाटात राहणार असेल तर अभिलेखागाराकडे ठेवण्याबद्दल त्याच वेळी बोलून घ्या.